गुडघ्याचं रिप्लेसमेंट वेगळं, कोपराचं वेगळं

गुडघा बदललेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत असतंच, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. ऑपरेशन झालं की लगेच उभं करतात, चालवतात, मांडीचे स्नायू कमवायला लावतात, कारण त्या पायावर बिनधास्त भार टाकता यावा हाच उद्देश असतो. आता कोणाचं कोपर बदललं की त्यालाही हेच सांगतात, "डंबेल उचल, हळूहळू ताकद येईल". हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

कोपर बदलतात ते दुखणं थांबावं आणि हात वाकावा म्हणून, आणि हे दोन्ही बहुतेकांना चांगलं मिळतं. आमवाताने सांधा खराब झालेल्या माणसाचा हात परत तोंडापर्यंत जातो, केस विंचरता येतात. पण वजन? बहुतेक सर्जन सांगतात की एका वेळी फार तर 4-5 किलो, आणि परत परत उचलायचं असेल तर 1-2 किलोच. तेही काही महिने नाही, आयुष्यभर!

कारण असं, की हातातलं वजन कोपरापासून फूटभर लांब असतं आणि ते तोलणारा दंडाचा स्नायू सांध्याच्या जेमतेम 4-5 सेंटिमीटर पुढे जोडलेला, म्हणजे स्नायूला वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो आणि तो दाब सगळा सांध्यावर येतो. त्यात हल्ली जास्त करून बिजागरीने जोडलेलं इम्प्लांट बसवतात, त्यामुळे पीळ पडला की ताण थेट इम्प्लांट हाडात पक्कं करणाऱ्या सिमेंटच्या आणि हाडाच्या पकडीवर जातो, बिजागरीतलं प्लास्टिकचं अस्तर (बुशिंग) झिजतं, इम्प्लांट ढिलं होतं. आणि दुखत नसल्यामुळे माणूस विसरतो. खुर्चीतून उठताना तळहात टेकून रेटा देतो ना, तोही भारच आहे, वॉकरवर जोर देऊन चालणंसुद्धा. गुडघेही खराब असतील तर असा जोर हातावर रोजच येणार, म्हणून हे सर्जनला आधीच सांगा.

बाकी फरक पटकन सांगतो. टिकण्यात गुडघा सरस. कोपरावर कातडीखाली मांस फारसं नसतं म्हणून इन्फेक्शनचा धोका जास्त. करंगळीकडे जाणारी नस (अल्नर नर्व्ह) अगदी शेजारून जाते, त्यामुळे करंगळीला मुंग्या येऊ शकतात.

आणि प्लीज, नुसतं रेडियल हेड (हाताच्या एका हाडाचं कोपराकडचं टोक) बदललं त्याला कोपर बदललं म्हणू नका, तिथे फक्त तेवढंच टोक बदलतात, वजनाचे नियमही वेगळे. तरुण माणूस, रोजचं काम ओझी उचलायचं, तर माझं स्पष्ट मत आहे की बाकीचे पर्याय संपल्याशिवाय पूर्ण कोपर बदलायला जाऊ नये.