टेस्टवर दोन रेघा आल्या, मग थायरॉईडची जुनी गोळी पुरेल का?

वहिनीचा गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातला थायरॉईडचा रिपोर्ट आला, टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन) ०.२, आणि लॅबने शेजारी खालच्या दिशेचा बाण छापलेला. झालं, घरात सगळे मोबाईल घेऊन सर्च करायला बसले. डॉक्टरांनी मात्र फ्री टी-फोर (थायरॉईड स्वतः बनवते ते हार्मोन, रक्तात मोकळं असलेलं) बघितलं, ते नॉर्मल होतं, म्हणाल्या काही नाही, महिन्याने परत बघू.

गंमत अशी की त्या बाणाला जबाबदार तेच हार्मोन, ज्याच्यामुळे घरच्या टेस्टवर दोन रेघा येतात. एचसीजी. त्याची रचना टीएसएचशी इतकी मिळतीजुळती आहे (दोघांचा अर्धा भाग अगदी सेम) की थायरॉईड ग्रंथी फसते आणि जास्त काम करायला लागते, मग टीएसएच बनवणारी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी म्हणते आता माझी गरज नाही, आणि टीएसएच खाली येतं. आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी सगळ्यात जास्त असतं, तेव्हाच हे जास्त दिसतं. रिपोर्टवर छापलेली रेंज बहुतेक वेळा गरोदर नसलेल्यांची असते, त्यामुळे नुसता बाण बघून घाबरण्यात अर्थ नाही.

आता ग्रंथीला एवढं राबायला का लागतं? कारण बाळाची स्वतःची थायरॉईड साधारण १२ व्या आठवड्याच्या आसपास हार्मोन बनवायला सुरुवात करते आणि नीट चालू व्हायला १८-२० आठवडे उजाडतात, तोपर्यंत बाळाच्या मेंदूला लागणारं सगळं आईकडूनच जातं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे रक्तात हार्मोन धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं, म्हणजे एकूण टी-फोर जवळपास दीडपट लागतं. निरोगी ग्रंथी हे निभावते. पण जिची आधीच हळू चालते, गोळीवर आहे, तिची ग्रंथी कुठून वाढवणार? तिचा डोस साधारण २५ ते ५० टक्के वाढवावा लागतो, आणि तोही लगेच.

इथेच गडबड होते. टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी 'तीन महिने कोणाला सांगायचं नाही' म्हणून डॉक्टरकडेही उशिरा जातात, आणि नेमके हेच आठवडे महत्त्वाचे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनचा सल्ला आहे की आधीच गोळीवर असलेल्या बाईने दिवस गेल्याचं कळताच आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या घ्याव्यात, मग टीएसएच करून डोस ठरवावा. आपल्या डॉक्टरांना हे प्लॅनिंग करतानाच विचारून ठेवा, मनाने नको. पुढे निम्मे महिने होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टेस्ट, आणि टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या गोळ्या एकत्र गिळणे. आयर्न आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाहीत, चार तासांचं अंतर पाहिजे. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर थायरॉईडची, चहा अर्ध्या-एक तासाने, बाकीच्या दुपारी-रात्री.

आणि हो, मीठ! गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी १५०. हल्ली 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरायची फॅशन आलीय, त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. उपवासापुरतं ठीक आहे हो, पण या नऊ महिन्यांत पिशवीवर आयोडीनयुक्त लिहिलेलंच आणा.

बाळंतपण झाल्यावर डोस परत आधीचा होतो आणि सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करतात. वहिनीने तो स्लॉट आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलाय, तिला गोळी नसूनसुद्धा, कारण आधी काही नसताना बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलेल्या दोघी तिच्या ऑफिसातच आहेत, आणि दोघींनाही सहा महिने 'झोप होत नाही म्हणून थकतेस' असंच ऐकवलं गेलं.