चाळिशी आणि माशी : रिव्हॉल्व्हरच्या नेमाची पार्श्वभूमी

चाळिशी लागल्याची पहिली खूण सगळ्यांना ठाऊक असते. वर्तमानपत्र हळूहळू लांब जाऊ लागतं आणि एक दिवस हात अपुरा पडतो. रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याचा हात मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण ताणलेलाच असतो. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, त्याहून पुढे नेणार कुठे?

गंमत अशी की माशीची तक्रार वाचनाच्या तक्रारीनंतर बऱ्याच वर्षांनी येते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरतात, माशी डोळ्यापासून साधारण ७० सेंटिमीटरवर असते. तेवढ्या अंतरासाठी डोळ्यातल्या भिंगाला कमी ताण पडतो, म्हणून पंचेचाळिशीत जवळचा चष्मा लागलेला माणूस पन्नाशीपर्यंत उघड्या डोळ्यांनी बरा नेम धरतो. मग एका मोसमात माशीच्या कडा लोकरीसारख्या दिसू लागतात. त्याला वाटतं, चष्मा आहेच खिशात, तोच लावू. तिथून घोटाळा सुरू होतो. वाचनाच्या चष्म्यातून रिव्हॉल्व्हरची मूठ आणि घोडा (मागचा, आपटून बार उडवणारा हातोडा) लख्ख दिसतात, माशी धूसर राहते आणि २५ मीटरवरचं टार्गेट तर राखाडी ढग होऊन जातं.

सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरांच्या काळात हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. १८३६ च्या अमेरिकी पेटंटनंतर जी घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीवर चालणारी रिव्हॉल्व्हरं पसरली, त्यांतल्या कित्येकांची मागची खाच, म्हणजे जिच्यातून माशी पाहून नेम धरतात ती, चक्क घोड्यावर कोरलेली असे. घोडा चढवला तरच खाच दिसायची. पुढे नळीच्या टोकाला पितळेचा एक मणी. १८७३ च्या सुप्रसिद्ध अमेरिकी लष्करी रिव्हॉल्व्हरमध्ये खाच घोड्यावरून सरकून वरच्या पट्टीतल्या चरात आली, पण माशी पातळ आणि गोलसरच राहिली. ही हत्यारं चार-दहा पावलांवरच्या झटापटीसाठी होती. तिथे कडा धूसर असल्या काय आणि नसल्या काय.

नेम मोजायची वेळ आली ती टार्गेटच्या खेळामुळे. इंग्लंडमध्ये १८९० पासून बिस्लेच्या मैदानावर स्पर्धा भरू लागल्या, त्यांत रिव्हॉल्व्हरलाही जागा होती. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये २५ मीटरची लष्करी पिस्तुलाची स्पर्धा झाली. याच दशकात चौकोनी माशी आणि चौकोनी खाच ही जोडी रुळली. तिला आजही ‘पॅट्रिज’ साइट (साइट म्हणजे नेम धरायची खूण) म्हणतात. नाव एका अमेरिकन नेमबाजाच्या आडनावावरून पडलं आहे, तित्तिर पक्ष्याशी त्याचा संबंध नाही. पण त्या पक्ष्याच्या इंग्रजी नावात आणखी एक ‘र’ असल्यामुळे जाणकारसुद्धा तो ‘र’ इथे घुसडतात. या जोडीचं खरं मर्म माशीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या उजेडाच्या दोन फटींत आहे. दोन्ही फटी सारख्या असल्या की माशी मध्यावर, आणि हे डोळ्याला धूसर कडांमधूनही बऱ्यापैकी कळतं. म्हाताऱ्या डोळ्यासाठी खाच थोडी रुंद करून घ्यायचा जुना उपाय यातूनच आलेला आहे. माशीला काजळी धरून तिची चकाकी मारणं हाही त्याच घराण्यातला.

माशी एवढी महत्त्वाची का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. खाच आणि माशी यांत २०० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर बाजूला जाते. अचूकतेच्या फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आणि काळा गोल २०० मिलिमीटरचा, म्हणजे दहावरून थेट काळ्याच्या बाहेर. उलट दोन्ही साइट नीट जुळलेल्या असताना हात ३० मिलिमीटर ढळला, तर गोळी तेवढीच ढळते. म्हणून जुने शिक्षक सांगत आले : टार्गेट धूसर चालेल, माशी धूसर चालणार नाही. तरुण डोळ्याला हा उपदेश फुकट पडायचा, कारण तो क्षणात माशीवर आणि क्षणात टार्गेटवर जाऊन येई आणि आपल्याला दोन्ही एकदम दिसतं असं समजे.

चष्म्यांनी मदतीइतकाच उपद्रवही केला. बायफोकल अठराव्या शतकापासूनचा, पण त्याचा जवळचा भाग खाली असतो. माशी त्यात पकडायची तर हनुवटी वर, मान मागे, आणि त्या अवस्थेत सहा गोळ्या. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये प्रोग्रेसिव्ह काचा आल्या. त्यांत मधल्या अंतराची पट्टी असते खरी, पण अरुंद. डोकं जरासं वळलं की माशी पट्टीबाहेर. मग नेमबाजीचा खास चष्मा रूढ झाला : एका डोळ्यापुढे फिरवता, सरकवता येणारी गोल काच, जी नेम धरलेल्या मानेच्या ठेवणीत बरोबर नजरेच्या रेषेत बसवता येते.

त्या काचेचा नंबर किती असावा, या प्रश्नापाशी एका शब्दाने जेवढा गोंधळ घातला आहे, तेवढा दुसऱ्या कशानेही घातलेला नाही. तो शब्द म्हणजे डायॉप्टर.

मूळ ग्रीक ‘डायॉप्ट्रा’ हे मोजणीदारांचं उपकरण, भोकातून पाहून रेषा साधायचं. तिथून जर्मन वळणाच्या रायफल-नेमबाजीत मागच्या बारीक भोकाच्या साइटला डायॉप्टर हे नाव आलं. दुसरीकडे १८७२ मध्ये एका फ्रेंच नेत्रवैद्याने भिंगाची शक्ती मोजायला हाच शब्द सुचवला : १ मीटरवर किरण एकत्र आणणारं भिंग १ डायॉप्टरचं. त्याआधी नंबर इंचांत चालत. वीस इंचांचं भिंग वीस नंबरचं, म्हणजे नंबर मोठा तितकी काच सौम्य, आजच्या नेमकं उलट. आपण ज्याला नुसतं ‘नंबर’ म्हणतो तो आजचा डायॉप्टर. त्यामुळे दोन नेमबाज ‘डायॉप्टर लावून बघ’ म्हणतात, तेव्हा एकाच्या मनात भोक असतं आणि दुसऱ्याच्या मनात भिंग. दोन्हींनी माशी स्पष्ट होते, हा आणखी एक घोळ. पण कारणं वेगळी. भिंग किरणांची जुळण्याची जागा बदलतं. भोक काहीच जुळवत नाही, ते फक्त कडेचे किरण अडवतं आणि जवळचं-लांबचं दोन्ही एकदम सुधारतं. किंमत उजेडात मोजावी लागते : ३ मिलिमीटरच्या बाहुलीपुढे १.२ मिलिमीटरचं भोक धरलं, तर जेमतेम सहावा हिस्सा प्रकाश आत जातो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने आधीच साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचत असतो. बंदिस्त रेंजच्या पिवळट दिव्यांत मग माशी धारदार दिसते, पण खाचेत ती आहे कुठे हेच कळत नाही.

भिंगाचं गणित सरळ आहे. ७० सेंटिमीटरवरच्या माशीसाठी लांबच्या नंबरात सुमारे १.४ मिळवावे लागतात. तेवढे मिळवले की माशी कोरीव, टार्गेट गायब. निम्मे, म्हणजे ०.७५ च्या आसपास मिळवले, तर माशी आणि टार्गेट दोन्ही थोडी थोडी धूसर, पण दोन्ही वापरता येतील इतकी. अनुभवी मंडळींचा कौल ०.५० ते ०.७५ कडे झुकलेला आहे आणि माझाही. मी पहिल्यांदा पूर्ण नंबर घेतला होता. माशीवरचा ओरखडासुद्धा दिसे, पण काळा गोल कुठे संपतो ते दिसेना. काळ्या गोलाखालच्या पांढऱ्यात अंदाजे नेम धरून पूर्ण हिवाळा काढला. ज्यांचा लांबचा नंबर मुळात उणे दीडच्या आसपास आहे, त्यांचा मात्र हेवा वाटतो. चष्मा काढला की माशी तयार.

या दोन डायॉप्टरांची खरी गाठ नियमांत पडते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर फक्त उघडी साइट चालते. हत्यारावर भिंग नको, आरसा नको, प्रकाशाचा ठिपका नको. रायफलीच्या मागच्या साइटला भोक चालतं, रिव्हॉल्व्हरच्या नाही. पण नेमबाजाच्या चष्म्यावर भिंगही चालतं आणि आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोकसुद्धा. म्हणजे तेच भोक हत्यारावर बसवलं तर बाद, डोळ्यापुढे दोन बोटांवर बसवलं तर मान्य. या रेषेची खिल्ली उडवणं सोपं आहे आणि ती उडवलीही जाते. तरी ती निव्वळ लहरी नाही. चेहऱ्यावरचं भोक डोळ्याची उणीव भरतं, माशी आणि खाच जुळवायचं काम मात्र हाताकडेच राहतं. हत्यारावरचं भोक स्वतःच मागची साइट होऊन बसतं. विरोधकांचं म्हणणं असं की साठीतल्या माणसाला हा फरक परवडत नाही. तेही खोटं नाही.

काचेत प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट १९७० च्या दशकाच्या मध्यात स्वीडनमधून बाजारात आली आणि काही देशांतल्या स्पर्धांनी तिला दार उघडलं. ठिपका टार्गेटच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे तीन अंतरांचं एक होतं आणि चाळिशीचा प्रश्नच उरत नाही. ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेत असमानपणा, असलेल्यांना तो ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो, एवढीच कुरकुर. ज्यांच्या रिव्हॉल्व्हरची वरची पट्टी साधी, अशी साइट बसवायला आटे न पाडलेली, त्यांना हा मार्ग तसाही बंद.

अलीकडे वादाचं ठिकाण रेंजवरून नेत्ररुग्णालयात सरकलं आहे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९४९ मध्ये लंडनला झाली. आता मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सर्जन विचारतात, लांबचं स्पष्ट हवं की जवळचं? नेमबाजाला हवं असतं तिसरंच, हाताच्या टोकावरचं. काही जण नेमाच्या डोळ्यात मुद्दाम उणे ०.७५ शिल्लक ठेवायला सांगतात. आकडा तोच, चष्म्याच्या काचेतला. फक्त हा पुढच्या मोसमात बदलता येत नाही, आणि बहुफोकसी (एकाच वेळी अनेक अंतरं दाखवणारं) भिंग घेतलेल्यांना माशीच्या कडेला फिकट वलय दिसलं, तर ते काजळीनेही जात नाही.