इंग्रजांचा ‘पका’

पसंतीचे शब्द लवकर शिळे होतात. इंग्रजीतल्या अशा जुनाट शब्दांपैकी एक आपल्या घरचा आहे. माल अस्सल निघाला, काम चोख झालं, की इंग्रज ‘पका’ (pukka) म्हणायचा. हा आपला ‘पक्का’च, जोडाक्षर तेवढं वाटेत गळालं.

ते का गळालं, हे म्हणून बघितलं की कळतं. ‘पक्का’ सावकाश म्हणा. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, हवा अडते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, मग ‘का’ सुटतो. ही अडवणूक साध्या ‘क’पेक्षा बरीच लांब असते आणि मराठीत तिच्यावर अर्थ बदलतो: ‘पट्टी’ वेगळी, ‘पटी’ वेगळी. इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात असा भेद नाही. तिथे दोन ‘के’ लिहितात ते आधीचा स्वर आखूड आहे हे दाखवायला. उच्चार एकाच ‘क’चा.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर फिरला. 1698 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द येतो तो वजनाला लागून: आग्र्याचा पक्का मण सुरतेच्या मणाच्या दुप्पट. म्हणजे सुरुवातीला यात कौतुक नव्हतंच, माप होतं. 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तर कच्च्या-पक्क्याच्या जोड्यांची यादीच आहे: वीट, रस्ता, छप्पर, रंग, शिवण, नेमणूक, इतकंच काय, तापसुद्धा. कच्ची शिवण म्हणजे धावदोरा, पक्की म्हणजे कायमची.

यातली वीट सगळ्यात बोलकी. उन्हात वाळवलेली वीट पाण्यात ठेवली की फुगते, विरघळते. तीच भट्टीत साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजली की मातीतल्या खनिजांची रचनाच बदलते, कण एकमेकांना धरतात आणि तिचा पुन्हा चिखल होत नाही. ‘पक्का’ आला तो संस्कृत ‘पक्व’वरून, आणि ‘पक्व’ म्हणजे शिजलेलं. मागे फिरता येत नाही असा बदल. शब्दाचा सगळा भरवसा इथून आला. इंग्रजीतले ‘कुक’ आणि ‘बिस्किट’ (मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेलं’) लॅटिनमार्गे याच प्राचीन धातूतून निघाले, म्हणजे ‘पका’ इंग्रजीत पोचला तेव्हा त्याचे दूरचे भाऊबंद तिथे आधीच होते.

भाजलेलं ते टिकाऊ, टिकाऊ ते खरं, खरं ते छान: अर्थ असा सरकत गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक खात्रीच्या बातमीला ‘पका जेन’ म्हणत. तिथे ‘खरं’ हा अर्थ शाबूत होता. 1999 साली ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर टीव्हीवर जेवणाला ‘पका’ म्हणू लागला, तेव्हा उरला होता निव्वळ ‘मस्त’. आपल्या ‘भारी’चंही हेच झालं. वजन गेलं, कौतुक राहिलं.

वापरताना मराठी माणूस दोन ठिकाणी हमखास अडखळतो. ‘पक्का चोर’मधला ‘पक्का’ केवळ अट्टलपणा सांगतो. आजच्या इंग्रजीत ‘पका’ चांगल्याच गोष्टीला लावतात. आणि ‘उद्याचं पक्कं ना?’ यातला ‘नक्की’ हा अर्थ तिकडे रुजलाच नाही, त्यामुळे लंडनमध्ये भेट ठरवताना हा शब्द वापरू नये. ‘पका साहिब’ तर जपूनच: त्याला राज्यकर्त्या गोऱ्याच्या तोऱ्याचा वास अजून येतो.