गेमिंग संगणक : मर्यादित खर्चात सुट्या भागांची निवड

गेम खेळण्यासाठीचा संगणक तयार न घेता प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि कॅबिनेट वेगवेगळे आणून घरी जोडण्याची पद्धत जगभर रूढ आहे. भागांचे प्रमाणीकरण झाल्यामुळेच ती शक्य झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीची रचना खुली असल्याने इतर कंपन्यांना त्यात बसणारी कार्डे बनवता आली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा मांडला आणि मदरबोर्डाची मापे, स्क्रूंच्या जागा व वीजपुरवठ्याची जोडणी ठरून गेली. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटात आजही निमूट बसतो, तो याच आराखड्यामुळे. जोडणी शिकायला फार वेळ लागत नाही. खरे कौशल्य निवडीत आहे, कारण हातातली रक्कम ठरलेली असते आणि एका भागावर वाढवलेला खर्च दुसऱ्या भागातूनच काढावा लागतो. सगळ्या भागांना सारखा वाटा दिला तर कोणताच भाग धड मिळत नाही.

पडदा आणि कामाची वाटणी

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. फुल एचडी पडद्यावर (१९२० × १०८०) सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख आणि ४के पडद्यावर ८२.९ लाख. म्हणजे फुल एचडीवरून ४केवर गेले की ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्रासाठी चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. दुसरी बाजू वेगाची. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९.

प्रत्येक चित्र दोन हातांतून जाते. पात्रांच्या हालचाली, टकरींचा हिशेब, शत्रूचे वागणे आणि कोणती वस्तू कुठे काढायची याचे आदेश प्रोसेसर तयार करतो. ग्राफिक्स कार्ड ते आदेश घेऊन चित्र रंगवते. रिझोल्यूशन वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. चित्रांची संख्या वाढवली तर मात्र दोघांचेही वाढते. त्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’ १४४ किंवा २४० हर्ट्झवर खेळणाऱ्याला प्रोसेसरकडे जास्त पैसे वळवावे लागतात, तर ‘सायबरपंक २०७७’सारखा देखणा गेम ६० च्या आसपास खेळणाऱ्याचे पैसे कार्डावर सार्थकी लागतात. हे आधी ठरवले नाही तर बाकीची तुलना अंधारात होते.

‘बॉटलनेक’ या शब्दाची धास्ती अनेकांना असते. प्रत्येक संगणकात कोणता तरी भाग सगळ्यात आधी थकतो आणि गेमिंग संगणकात तो ग्राफिक्स कार्ड असावा, इतकेच पाहायचे. खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर निवड जमली. चित्रांच्या संख्येवर मर्यादा घातलेली नसताना वापर ६० टक्क्यांवर घुटमळत असेल, आणि रिझोल्यूशन उतरवूनही वेग वाढत नसेल, तर प्रोसेसर मागे खेचतो आहे. चाचण्यांचे आकडे वाचताना नुसत्या सरासरीवर जाऊ नये. ‘१ टक्का लो’ हा आकडा सर्वांत मंद चित्रांचा वेग सांगतो आणि खेळताना बसणारे हिसके त्यातच दिसतात.

ग्राफिक्स कार्ड

एकूण रकमेतला एक तृतीयांश ते निम्मा भाग इथे जातो, आणि तो जायलाच हवा. नव्या खरेदीत सर्वांत जास्त फसगत होते ती कार्डाच्या मेमरीबाबत. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही २०२० ची यंत्रे प्रोसेसर व ग्राफिक्स यांच्यात वाटून घेतलेली १६ जीबी मेमरी घेऊन आली. त्यांच्यासाठी बनलेले गेम संगणकावर आले की ८ जीबीचे कार्ड उच्च प्रतीच्या टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांना) अपुरे पडू लागते. अशा वेळी वेगाचा आकडा ठीक दिसूनही खेळ अडखळतो, भिंती आणि चेहरे काही क्षण धूसर राहतात. मेमरी पुरेशी असेल तर टेक्स्चरची प्रत वाढवल्याने वेग फारसा घटत नाही, म्हणून जास्त मेमरीचे कार्ड जास्त वर्षे उपयोगी पडते. फुल एचडीवर हलके गेम खेळणाऱ्याला ८ जीबी अजून चालते. नवे मोठे गेम डोळ्यासमोर असतील तर १२ जीबीचा आग्रह धरावा.

नावावर विसंबू नये. एनव्हिडियाचे २०१६ चे जीटीएक्स १०६० हे ३ आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आले. फरक केवळ मेमरीचा नव्हता, लहान रूपात गणना करणारे कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबी आणि १९२ बिट रुंदीच्या मेमरी-बससह (चिप आणि मेमरी यांच्यातल्या डेटाच्या मार्गासह) आले. पुढे त्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटचे रूप निघाले, आणि ते स्पष्टपणे मंद आहे.

कार्ड मदरबोर्डाशी किती मार्गांनी बोलते हेही जुन्या मदरबोर्डावर कार्ड लावणाऱ्याने पाहायला हवे. एएमडीच्या २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला ४ जीबी मेमरी आणि पीसीआयई ४.० या जोडणीचे फक्त ४ मार्ग दिले होते. पीसीआयई ३.० च्या मदरबोर्डावर ते लावले की डेटाचा वेग निम्मा होतो, आणि मेमरी लहान असल्याने त्याला डेटा वारंवार मागवावा लागतो. जुना संगणक स्वस्तात सुधारू पाहणाऱ्यालाच या कार्डाने जास्त त्रास दिला. इंटेलच्या आर्क कार्डांची अट वेगळी आहे : मदरबोर्डात ‘रिसायझेबल बार’ ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) चालू नसेल तर त्यांचा वेग बराच पडतो.

एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही तंत्रे कमी रिझोल्यूशनवर रंगवलेले चित्र मोठे करून दाखवतात. कमी खर्चाच्या संगणकाला ती खरोखर तारतात. मात्र फुल एचडीवर मुळातच पिक्सेल थोडे असल्याने चित्राची हानी लवकर जाणवते. ‘फ्रेम जनरेशन’ हा प्रकार निराळा. त्यात दोन खऱ्या चित्रांमध्ये तयार केलेली चित्रे घातली जातात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद जलद होत नाही. मूळ वेग ५०–६० च्या खाली असेल तर त्याच्या भरवशावर कार्ड निवडू नये.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम

एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ यांसारखा ६ कोअर (गणना करणारे गाभे) आणि १२ थ्रेडचा (एकाच वेळी चालणारी कामे) प्रोसेसर मध्यम कार्डासोबत व्यवस्थित चालतो. जास्त कोअरांसाठी पैसे मोजण्यापेक्षा ते कार्डात घालावेत. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते; कार्ड बिघडले तर पडद्यावर काहीच येणार नाही.

प्रोसेसरपेक्षा सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचा, निर्णय दूरगामी असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे उदाहरण बोलके आहे : २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डातली प्रणाली) अद्ययावत केल्यावर २०२२ चा ५८००एक्स३डी चालला. ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) असलेला हा प्रोसेसर गेमसाठी आजही उत्तम आहे. २०२२ च्या एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते. त्याला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आज कमीत कमी खर्च हवा असेल तर डीडीआर४ रॅम चालणारा जुना प्रोसेसर आणि मदरबोर्ड, दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा असेल तर एएम५, असा हा सरळ सौदा आहे. मदरबोर्डावर रोषणाईसाठी पैसे देऊ नयेत. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग पुरेसा सशक्त आहे, रॅमच्या चार जागा आहेत आणि एसएसडीसाठी एम.२ च्या किमान एक-दोन, एवढे असले की पुरे.

रॅम १६ जीबी घ्यायची असेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण दोन पट्ट्या दोन वाहिन्यांतून एकाच वेळी काम करतात. चार जागा असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागी लावतात. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू करायचे. ते राहून गेले तर ३२०० वेगाची डीडीआर४ बहुधा २१३३ किंवा २४०० वरच धावत राहते, आणि मोजलेल्या पैशांचा वेग कधी मिळतच नाही. नव्या मोठ्या गेमसाठी ३२ जीबी सोयीची ठरते.

साठवणीसाठी १ टीबीची एनव्हीएमई (पीसीआयई मार्गाने चालणारी जलद) एसएसडी घ्यावी. कित्येक गेम १०० जीबीच्या पुढे गेले आहेत. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई साधारण ३५०० एमबी, ४.० ची ७००० पर्यंत. तरी गेम उघडण्याच्या वेळेत शेवटच्या दोघींमधला फरक क्वचितच जाणवतो.

एसएमपीएस

या भागावर काटकसर कधीच करू नये. स्वस्त, नाव नसलेल्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट बऱ्याचदा तो देऊ शकत नाही, आणि तो जळताना सोबत मदरबोर्ड किंवा कार्डही नेऊ शकतो. ‘८० प्लस’चे चिन्ह कार्यक्षमता सांगते, जादा दाब, जादा प्रवाह किंवा शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचावी. कार्ड स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅट घेऊ शकते, पण क्षणिक मागणी सरासरीच्या बरीच वर उसळते. म्हणून मध्यम संगणकाला ५५० ते ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस योग्य. मॉड्युलर (केबली सुट्या करता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या मॉडेलला लावू नयेत : टोक बसते, आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी क्षणात जळते.

कॅबिनेटाचा पुढचा भाग जाळीचा असावा, काचेचा नव्हे. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची त्यात मावते का ते मापून घ्यावे.

वापरलेले भाग

रक्कम अगदीच कमी असेल तर सेकंडहँड कार्ड हा सर्वांत मोठा आधार. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारे मायनिंग (गणना करून चलन मिळवणे) बंद केले आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला. मायनिंगला वापरलेले कार्ड निकामीच असते असे नाही. पंखे, उष्णता-पेस्ट आणि बदललेला बायोस तपासावा, अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान पाहावे. जुनी चिप नव्या नावाने खपवण्याचे प्रकारही होतात; जीपीयू-झेड हे मोफत साधन अशी अनेक कार्डे ओळखून दाखवते. एसएमपीएस मात्र वापरलेला घेऊ नये.

जुना प्रोसेसर घेताना विंडोज ११ ची यादी पाहावी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची अंगभूत सोय) लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या व रायझन २००० मालिकेच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यादीत न बसणाऱ्या जुन्या यंत्रावर लिनक्सचा मार्ग उरतो : व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी बनलेले बहुसंख्य गेम तिथे चालतात, ‘व्हॅलोरंट’सारखे अँटी-चीटवर अडणारे ऑनलाइन गेम सोडून.