दुरुस्तीवर तगलेलं दुकान : संगणक विक्री-दुरुस्तीच्या धंद्याची पार्श्वभूमी

‘काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालू होतं, सकाळी उठलंच नाही.’ संगणकाच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. गिऱ्हाईक कॅबिनेट काउंटरवर ठेवतं. दुकानदार मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवतो, ब्लोअर मारतो, धुळीचा लोट दाराबाहेर जाऊ देतो. मग रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून शाळेतला खोडरबर हलक्या हाताने चार वेळा फिरवतो, फडक्याने भुगा पुसतो आणि पट्टी परत बसवतो. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खटकन लागतात. बटण दाबलं की एक बारीक ‘बीप’ येतो आणि डिस्प्ले उजळतो. गिऱ्हाइकाचा चेहराही.

असं दुकान टाकायचं म्हणणारी मुलं मला बरीच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो आणि दुसरा मार्जिनचा. दोन्ही रास्त आहेत. पण हा धंदा आला कुठून आणि इतक्या पडझडीतून टिकला कसा, हे ठाऊक असलं तर त्या प्रश्नांची उत्तरं वेगळी निघतात. इतकी वर्षं जवळून पाहून माझं मत पक्कं झालं आहे : विक्रीमुळे दुकान लोकांच्या नजरेत भरतं, पण ते तगतं दुरुस्तीवर.

आपल्याकडे सुरुवातच मुळी दुरुस्तीपासून झाली. 1973च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा कमी करायला सांगितलं. आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने ते मानलं नाही आणि 1978मध्ये गाशा गुंडाळला. पण तिची मोठमोठी यंत्रं इथल्या कार्यालयांत, कारखान्यांत चालूच होती. ती सांभाळणार कोण? 1975मध्ये स्थापन झालेल्या सरकारी सीएमसीकडे हे काम आलं. सीएमसी म्हणजे कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. देखभाल हा शब्द तिच्या नावातच होता. 800हून अधिक ठिकाणची आयबीएमची यंत्रं या कंपनीने सांभाळली. मूळ उत्पादक निघून गेल्यावरही त्याचं यंत्र आपली माणसं चालवू शकतात, हे त्यातून दिसलं.

ही मोठ्यांची गोष्ट झाली. गल्लीतल्या दुकानाचं मूळ मात्र 1981च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आणलेल्या पीसीत, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या छोट्या संगणकात आहे. तो घाईने तयार केलेला होता. इंटेलचा प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची डॉस ही संगणक चालवणारी प्रणाली, बाकीचे भागही बरेचसे बाहेरून घेतलेले. त्याची सर्किटची आकृती आणि बायॉसचा, म्हणजे बटण दाबताच यंत्र जागं करणाऱ्या प्रोग्रामचा, मजकूरही कंपनीने छापून दिला, म्हणजे इतरांना त्यात बसणारी कार्डं बनवता यावीत. बायॉसवर हक्क आयबीएमचा होता, पण कॉम्पॅकने आणि मग फिनिक्स या कंपनीने तेच काम करणारा स्वतःचा बायॉस लिहिला. फिनिक्सचा तर कोणीही विकत घेऊ शकत होतं. त्यानंतर तैवानच्या कारखान्यांनी मदरबोर्डांचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डांचा, पाऊस पाडला. कुठल्याही कंपनीचं कार्ड कुठल्याही कंपनीच्या बोर्डावर बसू लागलं. या एका गोष्टीने जगभर लाखो दुकानं उभी केली असं मी मानतो. यंत्र स्क्रूने उघडतं, भाग खाचेत बसतो, बिघडला तर तेवढाच बदलतो. खोडरबरची करामत चालते तीही याच मोकळेपणामुळे.

आपल्याकडे 1984च्या नोव्हेंबरात राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण जाहीर केलं आणि आयातीची वाट थोडी सैल झाली. सुटे भाग येऊ लागले ते जिथे आधीपासून सुटे भाग मिळत होते तिथेच. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. 1903 ते 1907 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव अजून लोकांच्या तोंडून गेलेलं नाही. एकीकडे सिनेमाची थिएटरं आणि वितरकांची ऑफिसं, दुसरीकडे रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, स्पीकर विकणारी दुकानं, असा हा रस्ता. पुण्यात हेच काम बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत चालायचं. 1982मध्ये दूरदर्शन रंगीत झालं आणि टीव्ही मेकॅनिकांची एक पिढीच तयार झाली. सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर हाताळणारी ही माणसं पीसीकडे वळली. त्यांना इंग्रजी माहितीपुस्तिका वाचता येत नसत, पण व्होल्टेज कुठे अडलंय ते बोटांना कळायचं.

1991नंतर ‘असेंबल्ड’, म्हणजे सुटे भाग आणून दुकानात जोडलेलं मशीन, हा शब्द आपल्या बोलीत घट्ट बसला. ब्रँडेड मशीनची किंमत ऐकूनच लोक मागे फिरत. असेंबल्ड त्याहून बरंच स्वस्त पडे. तालुक्याचा दुकानदार ऑर्डर आणि ॲडव्हान्स घेई, रात्रीची एसटी पकडे, सकाळी ग्रँट रोडला उतरून हातातल्या यादीप्रमाणे बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट गोळा करी. मॉनिटरचा खोका पायाशी आणि हार्ड डिस्क मांडीवर, असा परतीचा प्रवास. हार्ड डिस्कला धक्का लागू नये म्हणून ती रात्रभर टॉवेलात गुंडाळून धरलेली मी पाहिली आहे.

दुकानात आल्यावर जोडणी. त्या काळच्या एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायमधून बोर्डाकडे दोन वेगळे कनेक्टर जायचे, पी-8 आणि पी-9. दोन्ही सारखेच दिसत, शेजारी शेजारी बसत आणि अदलाबदल झाली की बोर्ड जळे. नव्या पोराला पहिला धडा एकच : काळ्याशेजारी काळी. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून आल्या तर बटण दाब, नाहीतर हात मागे घे. 1995मध्ये एटीएक्स रचना आली, एकच कनेक्टर झाला आणि तोही उलटा बसेना. त्याआधी हा धडा शिकण्यासाठी किती बोर्ड गेले असतील! असा एक बोर्ड गेला की महिन्याची कमाई गेली.

घेणारे कोण होते? टॅली या जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरसाठी व्यापारी, हिशेबासाठी पतसंस्था आणि लग्नपत्रिकांसाठी छापखाने. छापखान्यांचं मला विशेष वाटतं, कारण मराठी अक्षर संगणकावर उमटवायचं काम या दुकानदारांच्या हातून खेडोपाडी पोहोचलं. डॉसच्या काळात देवनागरीसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड बोर्डाच्या खाचेत बसवावं लागे. विंडोज आल्यावर श्री-लिपी, आकृती, आयएसएम ही मराठी अक्षरांची सॉफ्टवेअर आली. सॉफ्टवेअरची नक्कल रोखणारं छोटं लॉक प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. ते सैल झालं की अक्षरं जागेवर थांबायची. लग्नसराईत छापखानेवाल्याचा फोन आला की हातातलं काम टाकून धावावं लागे, कारण पत्रिका उशिरा छापून चालत नाही.

मग व्हायरस. फ्लॉपी या दुकानातून त्या दुकानात फिरे आणि रोगही. या टप्प्याची सगळ्यात मोठी गोष्ट पुण्यातली आहे. मूळचे रहिमतपूरकडचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. 1990च्या सुमारास त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि पुढे संगणकांची देखभालही घेतली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पुन्हापुन्हा व्हायरसच सापडत होते. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते काढणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं पुढे क्विक हील झालं आणि 2016मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावर रोज तोच बिघाड दिसतो, तेव्हा त्यात एखादा नवा धंदा दडलेला असू शकतो. टेबलापाशी बसणाऱ्यालाच तो दिसतो.

26 एप्रिल 1999 ही तारीख त्या पिढीचा कुठलाही मेकॅनिक विसरलेला नाही. सीआयएच व्हायरसने त्या दिवशी हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि जमेल तिथे बायॉसही खराब केला. मशीन पूर्ण गप्प. काही धाडसी मंडळींनी तसाच दुसरा बोर्ड चालू केला, चालू असतानाच त्याची बायॉस चिप उपसली, मेलेली चिप तिथे बसवून पुन्हा लिहिली. जिवावरचं काम, पण मशीन उठलं.

आपल्या तालुक्यांत खरी भरभराट आली ती 2001नंतर. राज्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं, एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं. गावोगाव वर्ग निघाले. एका वर्गात दहा-पंधरा मशीन, दिवसभर बॅचवर बॅच, कळफलकावर शेकडो नवी बोटं. त्यासोबत सायबर कॅफे. या काळात दुकानदाराला वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, कळला. महिन्याला ठरलेली रक्कम येऊ लागली आणि पहिल्यांदाच दुकानाचं भाडं एक तारखेला देता येऊ लागलं.

त्याच वर्षांत बोर्डांवर एक साथ आली. तैवानहून आलेल्या काही कपॅसिटरांतलं, म्हणजे वीज साठवून सुरळीत करणाऱ्या भागांतलं, रसायन सदोष होतं. साधारण 1999 ते 2007 दरम्यानचे असंख्य बोर्ड त्याने गेले. उघडून पाहिलं की प्रोसेसरजवळच्या त्या छोट्या नळकांड्यांची सपाट डोकी फुगलेली, एखाद्यावर तपकिरी खपली. मशीन मध्येच बंद पडे, चार-पाच प्रयत्नांनी उठे. बोर्ड बदलायचा तर हजारोंचा खर्च. कपॅसिटर काही रुपयांचा. जुना काढायचा, भोकं मोकळी करायची, नवा बसवताना पट्टीची बाजू ऋणाकडे ठेवायची. ज्यांच्या हाती सोल्डरिंग होतं त्यांची दुकानं या साथीत चालली. फक्त खोके विकणारे गिऱ्हाइकाला ‘नवीन घ्या’ म्हणत राहिले आणि ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. शिवाय ग्रामीण भागात लोडशेडिंग आणि धड नसलेलं अर्थिंग. यूपीएस आणि त्यातल्या बॅटऱ्या यांनी कित्येक दुकानांचा संसार चालवला.

विक्रीचा नफा आटत गेला त्याची कारणं थोडक्यात सांगतो. भारताने 1997मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या करारात भाग घेतला आणि 2005पर्यंत संगणक व सुट्या भागांवरचं आयातशुल्क शून्यावर आलं. ब्रँडेड आणि असेंबल्ड यांतलं अंतर कमी झालं. लॅपटॉप आले, ते कोणी दुकानात जोडत नाही. 2013मध्ये ॲमेझॉन इथे सुरू झालं. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाइलवरची किंमत दाखवू लागलं, आणि ती कित्येकदा दुकानदाराच्या खरेदीपेक्षाही कमी असे. 2017च्या जुलैपासून संगणकावर 18 टक्के जीएसटी आला आणि विनापावती व्यवहार करणाऱ्यांची अडचण झाली. मला हे बरंच वाटतं. पावती देणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराला त्याआधी उगाच महागडा म्हटलं जाई. दुकान सुरू करण्याची कागदपत्रं मात्र सोपी झाली. राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पुरे, आणि 2020पासून छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी घरबसल्या होते.

2020च्या टाळेबंदीत शाळा घरात आल्या. अडगळीतली मशीन बाहेर निघाली. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली की दहा वर्षांचं मशीन तरतरीत होतं, हे घरोघरी तेव्हा कळलं.

आता अडचण यंत्रातच आहे. नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच झाळलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते. 1981चा मोकळेपणा हळूहळू मिटत चालला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ही चांगली गोष्ट झाली. पण सुटा भाग आणि सर्किटची आकृती छोट्या दुकानदाराच्या हाती रास्त दरात पडेपर्यंत तो हक्क अर्धाच राहील. तोवर चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरचा एकेक बारीक भाग बदलण्याचं, काम शिकलेला माणूस प्रत्येक तालुक्याला हवा आहे.

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा, संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी कितीतरी मशीन एका तारखेत जुनी ठरली. त्यानंतर दुकानात येणारा पहिला प्रश्न बदलला आहे. शाळेचे शिक्षक, सेवा केंद्रवाले, छापखानेवाले कॅबिनेट काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, ‘याचं काही होईल का, की टाकून देऊ?’ दुकानदार मागचे दोन स्क्रू काढायला घेतो.