क्वार्कोनियमचे वितळणे

प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते मूलकण म्हणजे क्वार्क. त्यांतला एखादा जड क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क (विरुद्ध भाराचा जुळा कण) यांची बांधलेली जोडी म्हणजे क्वार्कोनियम. अतितप्त द्रव्यात ही जोडी फुटते, त्याला ‘वितळणे’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द थोडा फसवा आहे. बर्फासारखा ठरावीक वितळबिंदू इथे नसतो.

चार्म या जड प्रकारच्या क्वार्कांची अशी जोडी, जे/साय, १९७४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड येथील दोन गटांना स्वतंत्रपणे सापडली. तिचे जोडनाव त्यातूनच आले. त्याहून जड अशा बॉटम क्वार्कांची जोडी, अप्सिलॉन, १९७७ मधली.

सुमारे दोन लाख कोटी केल्विनला प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून मोकळे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांचा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा तयार होतो. तेत्सुओ मात्सुई आणि हेल्मुट साट्झ यांनी १९८६ मध्ये असा तर्क मांडला : प्लाझ्मातले मोकळे रंगभार (क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचे भार) मधे येऊन क्वार्क-प्रतिक्वार्कांमधली ओढ झाकतात. तापमान वाढेल तशी ही ओढ कमी अंतरापर्यंतच पोचते. ते अंतर जोडीच्या आकाराहून लहान झाले की जोडी सुटते आणि दोघे पुढे हलक्या क्वार्कांशी घरोबा करतात. म्हणजे जे/साय कमी दिसले, की प्लाझ्मा बनला असे समजावे. तापमापीच हाती आली!

जिनिव्हाजवळच्या सर्न येथे शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींत १९९० च्या दशकात तशी घट दिसलीही. पुढे ब्रुकहेवनला ऊर्जा दहापटींहून वाढली, तरी घट जवळपास तेवढीच राहिली. सर्नच्या एलएचसी या त्याहून शक्तिशाली कणत्वरकात तर ती कमी झाली. कारण त्या ऊर्जेला एकाच टकरीत चार्मच्या डझनावारी जोड्या जन्मतात, आणि एका जोडीतला चार्म दुसरीतल्या प्रतिचार्मला गाठून नवे जे/साय बनवतो. बॉटम क्वार्क दुर्मीळ, त्यामुळे अप्सिलॉनची साक्ष अधिक स्वच्छ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात अप्सिलॉनच्या वेगवेगळ्या अवस्थांमध्ये बंध जितका सैल तितकी घट मोठी, हा क्रम दिसला.

सिद्धांतही बदलला. मिक्को लाइने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की तप्त माध्यमात क्वार्कांमधल्या विभवाला (त्यांच्या ओढीच्या गणिती रूपाला) काल्पनिक संख्येचा भागही असतो. सोप्या भाषेत, ओढ पुरती झाकली जाण्याआधीच माध्यमातल्या कणांचे धक्के जोडी मोडतात. त्यामुळे जोडी ‘आहे की नाही’ याऐवजी ती किती काळ टिकते, हा प्रश्न आला. आता क्वार्कोनियम ही खुली, म्हणजे भोवतालाशी देवाणघेवाण करणारी, क्वांटम प्रणाली मानून अशा प्रणालींसाठीच्या लिंडब्लाड समीकरणाने सोडवतात. स्पिनवर आधारित क्वांटम संगणकात क्यूबिटची (माहितीच्या क्वांटम एककाची) नाजूक क्वांटम सुसंगती परिसरामुळे ढळते, तिथेही हेच समीकरण कामी येते.

एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगात जे/साय ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे त्यातून निघणारे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद). हे म्युऑन टिपणाऱ्या कक्षांमध्ये सुरुवातीच्या वर्षांत बसवलेली ‘मानस’ ही चिप कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेत आखलेली आणि चंदीगडजवळ घडवलेली होती.