सोंग घेऊन सांगितलेले शहाणपण

‘टवाळां आवडे विनोद’ हा दासबोधातला चरण मराठी घरांतून इतक्या वेळा ऐकवला गेला, की विनोद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असेच कित्येकांना वाटत राहिले. खरे तर त्याच ग्रंथात मूर्खांची आणि पढतमूर्खांची लक्षणे आहेत, आणि ती वाचताना हसू आवरत नाही. फक्त तिथे सांगणारा शहाणा एका बाजूला उभा आहे आणि मूर्ख दुसऱ्या बाजूला. मराठी विनोदी लेखनाची मोठी वाट मात्र निराळी निघाली. तिच्यात लिहिणारा स्वतःच बावळटाचे सोंग घेतो.

हे सोंग सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी घेतलेच होते. भारुडात ते जोशी होतात, गोंधळी होतात, मुका आणि बहिरा होतात, सासरच्या जाचाला कावलेली बाईही होतात. ‘विंचू चावला’ ऐकताना बाया-माणसे आधी हसतात, आणि विंचू म्हणजे काम-क्रोध हे मग उलगडते. उपदेश कडू लागत नाही, कारण कळवळणारा माणूस आपल्यातलाच असतो.

छापील मराठीत हे सोंग यायला विसावे शतक उजाडले. वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर तेव्हा नाटककार म्हणून नावाजलेले होते. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख आला. पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ओळखल्या गेलेल्या लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे तिघे दोस्त आहेत. शिमगा, शकुन, ज्योतिष, जुने आचार या सगळ्यांची चिकित्सा सुदामा करतो, पण सुधारकाच्या व्यासपीठावरून करत नाही. स्वतः त्यांत सापडून, फजिती करून घेऊन करतो. सुधारकांच्या निबंधांवर चिडणारे वाचकही हे वाचत असणार, असे मला वाटते. कोटीवर कोटी रचण्याची ती भाषा आज थोडी जड लागते, हेही खरे.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदासाठी ‘बाळकराम’ ही नावे घेतली. प्रेमाची आर्त कविता लिहिणारा हाच माणूस ‘कवींचा कारखाना’ लिहून नवशिक्या कवींची झडती घेतो, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याच निर्मितीकडे असे पाहायला धैर्य लागते. ठकीच्या लग्नाची त्यांची हकिकत हसवते. तरी मुलीचे लग्न जमवताना बापाची होणारी दमछाक त्या काळच्या घराघरांतली होती. १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते गेले. कवींच्या लकबींची थट्टा पुढे अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’त विडंबनाने नेली.

भाषा सैल आणि घरगुती केली ती चिं. वि. जोशींनी. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या या विद्वानाने चिमणराव नावाचा भिडस्त, भित्रा गृहस्थ उभा केला, सोबतीला दणकट गुंड्याभाऊ दिला आणि सारी हकिकत चिमणरावाच्याच तोंडून सांगितली. कोट्या कमी झाल्या, प्रसंग वाढले. ओढगस्तीतल्या पांढरपेशा कुटुंबाला आपलाच संसार त्यात दिसला.

या सगळ्यांना वाचक मिळाले ते मासिकांमुळे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, आणि फराळासोबत विनोदी लेख वाचायची सवय पुढे घरोघरी रुजली. बायकांचा विनोद मात्र जात्यावरच्या ओव्यांत आणि उखाण्यांत भरपूर असूनही छापखान्यापर्यंत फारच थोडा पोचला. या इतिहासातली ही उणीव मला सलते.

पु. ल. देशपांडे या वाटेवर आले तेव्हा गिरगावातल्या चाळींचे दिवस पालटू लागले होते. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातल्या भाडेकरूंच्या फुशारक्या आणि भांडणे हसवतात, आणि शेवटच्या चिंतनात चाळीचा जीव हळवा होतो. १९६१ पासून पु. ल. तिचे एकपात्री प्रयोग करू लागले. रंगमंचावर एकटा माणूस, आणि त्याच्या आवाजातून एकेक बिऱ्हाड उठून बोलायला लागायचे, जसे भारुडात बोलते.